विश्लेषण : ‘नेपाळ? चीन?’ ईशान्येतल्या भारतीयांना आपल्याच देशात परके का ठरवले जाते?

भारतात वंशभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा का नाही? बेझबरुआ समितीने काय सुचवले होते? ॲट्रॉसिटी कायदा इथे कितपत उपयोगी पडतो? आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या नागा, मिझो, मणिपुरी तरुणांनी तक्रार करायची तर कुठे आणि कशी?

डिसेंबर २०२५मध्ये डेहराडूनमध्ये शिकणाऱ्या त्रिपुरातल्या एका विद्यार्थ्यावर हल्ला झाला आणि उपचार सुरू असताना त्याचा मृत्यू झाला. हल्ल्याआधी वांशिक शेरेबाजी झाली, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. तसा पुरावा आढळला नाही, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. खरे काय ते न्यायालयात ठरेल. पण या प्रकरणाने एक जुना प्रश्न पुन्हा वर आणला. एखाद्याला त्याच्या डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून हिणवले गेले, तर ते नोंदवायचे कुठल्या कलमाखाली? भारतीय कायद्यात या प्रश्नाचे सरळ उत्तर आजही नाही. उत्तर सुचवणारा एक अहवाल मात्र २०१४पासून सरकारच्या हातात आहे.

२०१४मध्ये काय घडले होते?

जानेवारी २०१४च्या अखेरीस दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचल प्रदेशातला एक तरुण विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून आणि दिसण्यावरून टोमणे मारले गेले. तो चिडला, बाचाबाची झाली, मग मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ईशान्येतले हजारो विद्यार्थी त्यानंतर दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्यांत दोषींना शिक्षा होतीच, पण त्याहून मोठी एक गोष्ट होती. जे घडले त्याला ‘किरकोळ वादातून मारहाण’ म्हणू नका, वंशभेद म्हणा, असे ते सांगत होते.

नावाचा हा आग्रह वरवरचा नव्हता. गुन्ह्यामागचा हेतू कागदावर आला नाही तर तो तपासला जात नाही, तपासला नाही तर सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाला नाही की ‘आपल्याकडे वंशभेद नाही’ म्हणायला सगळे मोकळे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१४मध्ये निवृत्त सनदी अधिकारी एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जुलैमध्ये अहवाल दिला. २००५ ते २०१३ या काळात ईशान्येतून दोन लाखांहून अधिक लोक एकट्या दिल्लीत आले, असे त्यात नमूद आहे. शिक्षण आणि नोकरी ही त्यामागची मुख्य कारणे.

समितीने काय सुचवले आणि त्याचे काय झाले?

सर्वांत महत्त्वाची शिफारस तेव्हाच्या भारतीय दंडविधानात दोन नवी कलमे घालण्याची होती. पहिले १५३-क. कोणाच्या वांशिक चेहरेपट्टीबद्दल, संस्कृतीबद्दल, चालीरीती किंवा राहणीबद्दल मानवी प्रतिष्ठेला धक्का देणारे वर्तन केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. दुसरे ५०९-अ. विशिष्ट वंशाच्या व्यक्तीचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द, हावभाव किंवा कृती यांसाठी तीन वर्षांपर्यंत. शिवाय जलदगती न्यायालये, पोलिसांचे प्रशिक्षण, ईशान्येतल्या तरुणांची पोलिसांत भरती, मोफत कायदेशीर मदत आणि शालेय अभ्यासक्रमात ईशान्येच्या इतिहासाचा समावेश, अशीही यादी होती.

यातल्या काही गोष्टी झाल्या. दिल्ली पोलिसांनी ईशान्येतल्या नागरिकांसाठी खास कक्ष सुरू केला, १०९३ ही हेल्पलाइन चालू झाली. एनसीईआरटीने ईशान्येचे लोक, इतिहास आणि संस्कृती यांवर पूरक पुस्तक काढले. पण कलमांचे घोडे अडले ते अडलेच. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणून राज्यांची मते मागवण्यात आली, आणि अशा पत्रव्यवहाराची गती सगळ्यांना ठाऊक आहे.

२०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मा दोरजी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत देखरेख समिती नेमण्याचा आदेश दिला. वांशिक भेदभावाच्या घटनांवर लक्ष ठेवायचे, तक्रारींचा पाठपुरावा करायचा, हे तिचे काम. समिती सरकारकडे शिफारस करू शकते. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारासमोर बसलेल्या मुलीला मात्र समितीपेक्षा कलम हवे असते.

नव्या न्याय संहितेने ही पोकळी भरली का?

अर्धवट. १ जुलै २०२४पासून भारतीय दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुना कायदा मोडून नवा घडवताना बेझबरुआ समितीची कलमे सहज आत घेता आली असती. तशी ती घेतली गेली नाहीत.

तरीही एक बदल दखल घेण्यासारखा आहे. कलम १०३(२)नुसार पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. कलम ११७(४)नुसार अशाच गटाने याच कारणांवरून गंभीर दुखापत केली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. झुंडबळी रोखण्यासाठी आणलेल्या या तरतुदींत ‘वंश’ हा शब्द स्पष्ट आला आहे.

मर्यादाही तिथेच आहे. हल्लेखोर चार असतील तर? खून किंवा गंभीर दुखापत न होता नुसती थुंकी, शिवी, ढकलाढकल असेल तर? कलम १९६ दोन गटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. रिक्षात बसलेल्या एकट्या मुलीला ‘ए चिंकी’ म्हणणारा त्यात बसवणे अवघड जाते. मग उरतात सर्वसाधारण कलमे. शांतताभंग घडवण्याच्या हेतूने केलेल्या अपमानासाठी ३५२, स्त्रीच्या विनयशीलतेच्या अपमानासाठी ७९, साध्या मारहाणीसाठी ११५. शिक्षा त्यांतही आहे, पण वंशभेदाचा उल्लेख नाही.

राज्यघटनेत मात्र तो पहिल्यापासून आहे. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करतो. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन कराराला भारताने १९६८मध्येच मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध तर भारत जगात सर्वांत आधी उभा राहिलेल्या देशांपैकी. कदाचित म्हणूनच वंशभेद ही गोऱ्यांनी इतरांवर करण्याची गोष्ट आहे, अशी एक समजूत आपल्याकडे मुरली. तो करणारे आपणही असू शकतो, हे लाजपतनगरनंतर मान्य करावे लागले. पुरते मान्य झाले असे अजूनही म्हणवत नाही.

ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो का?

हा प्रश्न महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाचा, कारण त्यावरचा एक मोठा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे.

२०१२मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवले होते की ईशान्येतल्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींविरुद्ध गुन्हा घडला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावावा. ‘चिंकी’ म्हटल्यास पाच वर्षे तुरुंग, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे झळकल्या. पण एक अडचण होती. अनुसूचित जमातींची यादी राज्यनिहाय असते. नागालँडमध्ये जमात असलेली व्यक्ती महाराष्ट्राच्या यादीत नसते. मग पुण्यात तिच्यावर अत्याचार झाला, तर ती या कायद्यापुरती ‘जमात’ ठरते का? आरोपींचे वकील नेमका हाच मुद्दा काढत.

२०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यावर स्पष्ट निकाल दिला. आरक्षणाचा लाभ राज्यापुरता असू शकतो, पण अत्याचारापासूनचे संरक्षण राज्याच्या सीमेवर संपत नाही. ज्या राज्यात व्यक्तीला अनुसूचित जाती किंवा जमातीचा दर्जा आहे, त्याबाहेरही देशात कुठेही तिला हा कायदा लागू होतो. हा निकाल ईशान्येतल्या व्यक्तीच्या खटल्यातून आलेला नव्हता, पण पुण्या-मुंबईतल्या मिझो, नागा किंवा खासी नागरिकासाठी त्याचा अर्थ मोठा आहे. या कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

तरी ही ढाल सगळ्यांच्या हातात नाही. मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातींत नाहीत. आसाममधले आहोम नाहीत. चेहरा पाहून शिवी देणारा जातीचा दाखला पाहत नाही, कायद्याला मात्र तो पाहावा लागतो. शिवाय अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, कोणी बाहेरचे नसताना केलेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातले बरेचसे बोलणे चार भिंतींआडच होते.

पुण्याने काय पाहिले?

ऑगस्ट २०१२. आसाममधल्या कोक्राझार परिसरात जुलैपासून बोडो आणि बांगलाभाषक मुस्लीम यांच्यात हिंसाचार पेटलेला होता. मोबाइलवर भडक, बनावट छायाचित्रे फिरू लागली. कुठल्या तरी दुसऱ्याच देशातल्या दुर्घटनेचे फोटो आसामचे म्हणून खपवले गेले. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर हिंसाचार झाला. त्याच सुमारास पुण्यात ईशान्येतल्या तरुणांना मारहाणीच्या घटना घडल्या. मारणाऱ्यांना आसाम आणि मणिपूर यांतला फरक माहीत असण्याचे कारण नव्हते. मार खाणाऱ्यांचा कोक्राझारशी काडीचा संबंध नव्हता.

मग अफवा उठली : अमुक तारखेच्या आत शहर सोडा. बंगळूरुच्या स्थानकावर हजारोंची गर्दी झाली, रेल्वेने गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडल्या. पुण्यातूनही लोक निघाले. महाविद्यालयात मध्यावर आलेले सत्र सोडून, महिन्याचा पगार मागे ठेवून निघाले. केंद्राने पंधरा दिवसांसाठी घाऊक एसएमएसवर बंदी घातली. एका मोबाइलवरून दिवसाला फक्त पाच संदेश पाठवता येत होते. व्हॉट्सॲप तेव्हा सगळ्यांच्या हातात नव्हते, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट.

नंतर पोलिसांनी वस्त्यांत बैठका घेतल्या, बहुतेक जण काही आठवड्यांत परतले. पण त्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट उघड झाली. वर्षानुवर्षे या शहरांत राहणाऱ्या लोकांना धोका वाटला तेव्हा दार ठोठावायला शेजारी नव्हता, म्हणून त्यांनी थेट स्थानक गाठले.

मार्च २०२०मध्ये तोच चेहरा पुन्हा आड आला. या वेळी हाक होती ‘कोरोना’. दुकानात प्रवेश नाकारणे, घर रिकामे करायला सांगणे, अंगावर थुंकणे अशा तक्रारी अनेक शहरांतून आल्या. गृहमंत्रालयाला राज्यांना सूचनापत्र काढावे लागले. त्यातल्या अनेक मुली रुग्णालयांत परिचारिका होत्या.

वास, घर आणि नाव

मारहाण बातमीत येते. रोजचे जगणे येत नाही, आणि खरी झीज तिथे होते.

दिल्ली पोलिसांनी २००७मध्ये ईशान्येतल्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तोकडे कपडे टाळा, बांबूचे कोंब आणि अखुनी यांसारखे उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा तिचा सूर होता. हेतू मदतीचा असेल. पण गोंधळ होऊ नये म्हणून कोणी बदलायचे, याचे उत्तर त्या पुस्तिकेने आधीच देऊन टाकले होते. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन, नागालँडच्या सुमी लोकांचा जीव की प्राण. याच पदार्थाच्या नावाने निकोलस खारकोंगोर यांनी सिनेमा काढला : दिल्लीत भाड्याने राहणारी ईशान्येतली मुले मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनीचे डुकराचे मटण शिजवू पाहतात आणि वासामुळे त्यांना गल्लोगल्ली जागा शोधत फिरावे लागते.

सुकट किंवा बोंबील भाजताना खिडक्या लावून घेणाऱ्या मराठी माणसाला यात अनोळखी काही वाटू नये. मुंबईत मांसाहारी म्हणून फ्लॅट नाकारला गेल्याचा अनुभव आणि त्यावरचा संताप मराठी घरांत भरपूर आहे. तोच संताप, घरमालक मराठी आणि भाडेकरू मणिपुरी असला की कुठे जातो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

नावाचे तसेच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिक्कीमहून एक तरुण शिकायला आला : त्शेरिंग फिन्त्सो डेन्झोंगपा. वर्गात कोणाला ते उच्चारता येईना. सहाध्यायी जया भादुरी यांनी सोपे नाव सुचवले आणि तो डॅनी झाला. किस्सा प्रेमाचाच आहे, डॅनी स्वतःही तो तसाच सांगत आले. पण ब्युटी पार्लरमध्ये, स्पामध्ये, हॉटेलांत काम करणाऱ्या किती जणींची नावे गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी अशीच रोझी नि लिली झाली असतील! त्यांना कोणी विचारून नाव दिलेले नसते.

या नोकऱ्यांचीही एक गंमत आहे, अर्थात कडवट. ईशान्येतल्या स्थलांतरितांवर पुस्तक लिहिणारे अभ्यासक डंकन मॅकड्युई-रा यांनी दाखवून दिले, की चकचकीत मॉल, पंचतारांकित हॉटेले आणि ‘ओरिएंटल’ रेस्तराँ यांना हाच चेहरा हवा असतो. जो चेहरा दुकानाच्या आत पगार मिळवून देतो, तोच रात्री घरी जाताना बसस्टॉपवर शिवी मिळवून देतो.

‘वंश’ म्हणजे नेमके काय?

जीवशास्त्राच्या अर्थाने, फारसे काही नाही. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक कोणत्याही एका समूहाच्या आतच सापडतात, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२मध्ये दाखवले. डोळ्यांची ठेवण आणि कातडीचा रंग हे उरलेल्या थोड्याशा भागातले, पण नेमके दिसणारे फरक.

भारतात लोकांची वांशिक खतावणी मांडली ती हर्बर्ट रिस्ली यांनी. १९०१च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. नाकाची लांबी-रुंदी मोजून त्यांनी भारतीयांचे सात गट पाडले. त्यांतला ‘मंगोलॉइड’ हा शब्द आजही लोकांच्या तोंडी आहे. याच यादीत मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांना त्यांनी ‘सिथो-द्रविडियन’ या खान्यात टाकले होते. हा शब्द आज कोणाला आठवत नाही, कारण त्यावरून कोणी कोणाला हिणवले नाही. वर्गीकरण तितकेच पोकळ, पण एकाचे ओझे उतरले आणि दुसऱ्याचे तसेच राहिले.

या शास्त्राला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशसिद्धांतांनी पुढे नाझींच्या धोरणाला आधार पुरवला. कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान आहे यावरून युरोपीय लोक अधिक बुद्धिमान ठरतात का, हे इरावतीबाईंनी कवट्या मोजून तपासायचे होते. त्यांनी मोजल्या, आणि वंशाशी असा काही संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. गुरूला हवे ते उत्तर न देण्याचे हे धैर्य परक्या देशात, विशीतल्या एका विद्यार्थिनीने दाखवले. त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला होता आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवले होते. मणिपूर, मिझोरमच्या सीमेपलीकडचाच तो मुलूख.

‘ईशान्य’ ही एक गोष्ट आहे का?

नाही, आणि गैरसमजाची सुरुवात बहुधा इथूनच होते. आठ राज्ये, २०११च्या जनगणनेनुसार साडेचार कोटींहून अधिक लोक, दोनशेहून अधिक जनसमूह. असमिया ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली भाषा. मैतेई, बोडो, मिझो, नागा भाषा तिबेटी-बर्मी. आणि मेघालयाची खासी तिसऱ्याच, ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. याच कुळातली एक भाषा महाराष्ट्रात बोलली जाते : मेळघाटातली कोरकू. म्हणजे भाषेच्या नात्याने पाहिले तर शिलाँगची चुलत बहीण धारणी-चिखलदऱ्यात राहते.

आणखी एक. बोडो भाषा देवनागरीत लिहितात. १९७०च्या दशकात रोमन लिपीसाठी मोठे आंदोलन झाले आणि अखेर देवनागरीवर तडजोड झाली. मराठी वाचणाऱ्या कोणालाही बोडो वर्तमानपत्राचा मथळा, अर्थ कळला नाही तरी, मोठ्याने वाचता येतो.

ईशान्येतही सगळे आलबेल आहे असे नाही, हेही सांगायला हवे. मे २०२३पासून मणिपुरात मैतेई आणि कुकी-झो यांच्यातल्या हिंसाचाराने हजारोंना छावण्यांत ढकलले. शिलाँगमध्ये बाहेरच्यांसाठी ‘डखार’ हा शब्द वापरतात, आणि तो नेहमी प्रेमाने वापरला जात नाही. दुजाभाव ही कोणा एका चेहऱ्याची मक्तेदारी नाही. पण मणिपुरी माणूस मणिपुरात कसा वागतो यावरून पुण्यात त्याला मिळणारी वागणूक ठरू शकत नाही.

उत्सव भरवून काय साधते?

थोडेफार साधते. नागालँडमध्ये दर डिसेंबरात भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवाला आता महाराष्ट्रातूनही पर्यटक जातात. महाविद्यालयांत ईशान्येचे नृत्य, खाद्यपदार्थ यांचे दिवस साजरे होतात. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आले.

अडचण अशी, की रंगमंचावर पिसांचा मुकुट घातलेला नागा तरुण पाहिलेल्यांना जीन्स घालून बँकेत रांगेत उभा असलेला नागा तरुण ‘भारतीय’ वाटेलच असे नाही. उलट तो जास्तच दूरचा वाटू शकतो. बेझबरुआ समितीने अभ्यासक्रमावर भर दिला तो यासाठी. लचित बडफुकन यांनी सराईघाटावर मोगल सैन्याला रोखले ते १६७१मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या तीन वर्षे आधी. एकाच औरंगजेबाविरुद्ध देशाच्या दोन टोकांना एकाच वेळी लढाया चालू होत्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला १९९९पासून लचित बडफुकन सुवर्णपदक दिले जाते. पुण्यापासून तासाभराच्या आत. किती पुणेकरांना ते नाव ठाऊक आहे?

राजकीय वजनाचाही भाग आहेच. आठही राज्यांचे मिळून लोकसभेत २५ खासदार, एकट्या महाराष्ट्राचे ४८. वंशभेदविरोधी कलमासाठी सरकार अडवून धरण्याइतके हे बळ नाही. २०२१मध्ये पंजाबमधल्या एका यूट्यूबरने अरुणाचलचे आमदार निनाँग इरिंग यांनाच ‘हे भारतीय वाटत नाहीत’ अशा अर्थाचे बोलून दाखवले. अरुणाचलात गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली. आमदाराबाबत यंत्रणा हलली.

त्रास झाला तर तक्रार कशी करायची?

तातडीच्या मदतीसाठी ११२. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तो ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून घ्यावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये आता तशी स्पष्ट तरतूद आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तक्रारीत सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची ती शब्दांची. ‘शिवीगाळ केली’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता शब्द वापरला तो जसाच्या तसा लिहायला सांगावा, मारहाणीच्या आधी की नंतर वापरला तेही. ऐकणारे कोण होते, दुकानात कॅमेरा होता का, हे लिहावे. हेतू पुढे सिद्ध व्हायचा तर त्याची पहिली नोंद याच कागदावर असावी लागते. हल्लेखोर पाच किंवा अधिक असतील तर ती संख्या नेमकी आली पाहिजे, कारण १०३(२) आणि ११७(४) त्यावरच अवलंबून आहेत. तक्रारदार आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत असेल तर दाखल्याची प्रत जोडावी आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२३च्या पूर्णपीठाच्या निकालाचा उल्लेख करावा. अनेक ठाण्यांत तो माहीत नसतो.

साक्षीदार मराठी शेजारी असेल आणि जबाब द्यायला ठाण्यात सोबत गेला, तर बहुतेक वेळा तक्रार नोंदवण्यात भाषेची अडचण येत नाही.